घाटाखालचा घाणा : सफरचंदाची जर्मन भजी आणि कर्जतचा वडा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. कर्जत-खालापूरचा मुलूख त्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची वाट अडवली ती उंबरखिंड खालापूर तालुक्यातच आहे, आणि कोंढाण्याची लेणी कर्जत तालुक्यात. तथापि आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, तो कढईतला आहे. वड्या-भज्यांची एकेक खेप तेलातून निघते तिला आपण ‘घाणा’ म्हणतो. घाटाखालच्या या दोन तालुक्यांत हा घाणा कसा चढला, त्यात काय काय आणि कोठून कोठून येऊन पडले, आणि सातासमुद्रांपलीकडच्या एका जर्मन घरगुती पदार्थाशी त्याचे नाते काय, एवढाच आमचा विषय आहे. विषय खाण्याचा आहे म्हणून तो हलका आहे असे श्रोत्यांनी समजू नये. मनुष्य काय खातो, कोणाच्या हातचे खातो आणि त्याला ते केव्हा परवडते, या तीन प्रश्नांत समाजाचा बराचसा इतिहास येऊन जातो.

प्रथम त्या जर्मन पदार्थाची ओळख करून दिली पाहिजे. जर्मनीच्या दक्षिणेकडील श्वाबेन, बाडेन या प्रांतांत ‘आप्फेलक्युख्ले’ नावाचा पदार्थ घरोघर करतात. आंबटसर, घट्ट सफरचंद सोलावयाचे, मधला बियांचा गाभा काढून टाकावयाचा आणि आडव्या चकत्या करावयाच्या. म्हणजे मध्ये भोक असलेली कडी तयार होतात. ही कडी मैदा, दूध, अंडी आणि चिमूटभर मीठ यांच्या सरबरीत पिठात बुडवून तळावयाची आणि गरम असतानाच त्यांवर साखर व दालचिनीची पूड भुरभुरावयाची. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही सफरचंदाची गोड भजी. शरद ऋतूत सफरचंदाचा हंगाम येतो, तळघरात फळांच्या राशी लागतात, आणि थंडीभर त्या पुरवून खातात. त्या साठ्यातून हा पदार्थ होतो. मोठ्या मेजवानीपेक्षा तो घरच्या मुलांसाठी, सायंकाळच्या वेळी, आजीने वा आईने करावयाचा पदार्थ आहे.

या पदार्थाचे कूळ जुने आहे. इ. स. १३५० च्या सुमारास वुर्ट्सबुर्ग येथे लिहून ठेवलेले एक हस्तलिखित जर्मन भाषेतील सर्वांत जुन्या पाकपुस्तकांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात उपवासाच्या दिवसांत करावयाच्या एका तळलेल्या पदार्थाची कृती आहे. सफरचंदाच्या बारीक फोडी आणि अक्रोडासारखे कवचाच्या फळांचे गर एकत्र करून ते पिठाच्या आवरणात भरावयाचे, अशी ती कृती. उपवास हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती पंचांगात ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा व्रतकाल येतो. त्या काळात मांस, आणि पूर्वी अंडी व लोणीसुद्धा, वर्ज्य असे. म्हणून व्रत सुरू होण्याच्या आधीचे दिवस हे तळणाचे दिवस ठरले. घरातली चरबी, अंडी, लोणी संपवून टाकावयाचे आणि मग चाळीस दिवस जिभेला आवर घालावयाचा, ही रीत जर्मनीत पडली आणि आजही त्या दिवसांत तेथे घरोघर व दुकानोदुकानी तळण होते.

हे ऐकून आपल्याकडील गृहिणींना आखाड तळण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. चातुर्मास लागण्याच्या सुमारास आषाढात कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, घारगे तळावयाचे, ही आपली जुनी चाल. आषाढ शुद्ध नवमीला तर आपण कांदेनवमी असे नावच देऊन ठेवले आहे. दोन दिवसांनी एकादशी येणार, मग चार महिने कांदा-लसूण बंद. तेव्हा त्या दिवशी कांद्याची भजी पोटभर खाऊन घ्यावयाची. एकाच्या व्रतात मांस वर्ज्य, दुसऱ्याच्या व्रतात कांदा वर्ज्य. पण व्रताच्या उंबरठ्यावर कढई चढवणारा मनुष्यस्वभाव ऱ्हाइनच्या काठी आणि उल्हास नदीच्या काठी एकच आहे. व्रत आणि चंगळ ही एकमेकींची वैरीण आहेत असे आपण समजतो. वस्तुतः त्या एकाच घरात नांदणाऱ्या जावा आहेत.

पिठात घालून तळण्याची कला युरोपियनांनी आपल्याला शिकवली, असे मात्र कोणी म्हणू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे मोठे प्रकरण आहे. त्यात उडदाचे वटक येतात, पूरिका येते, घारिका येते. आपला वडा, आपली पुरी आणि आपला घारगा यांची ही शिष्ट नावे होत. म्हणजे वुर्ट्सबुर्गच्या लेखकाने आपली कृती लिहून ठेवण्यापूर्वी दोन शतके दख्खनच्या राजवाड्यात वडे तळले जात होते. पोर्तुगीज लोकांनी पूर्वेकडे तळणाची एक रीत खरोखरच नेली, पण ती जपानात. तेथील ‘तेंपुरा’ हा पदार्थ सोळाव्या शतकात आलेल्या पोर्तुगिजांकडून उचललेला मानतात, आणि त्याचे नावही ख्रिस्ती व्रताच्या दिवसांच्या पोर्तुगीज नावावरून पडले असे सांगतात. पुन्हा पाहावे तो व्रत आणि तळण हातात हात घालून चाललेलीच.

मग पोर्तुगिजांनी आपल्याला काय दिले? कढई आपलीच होती. त्यांनी आणला तो तिच्यात पडणारा जिन्नस. बटाटा हे नाव पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आले, आणि तो शब्द मुळात अमेरिकेजवळच्या बेटांवरील रहिवाशांचा व रताळ्यासाठी वापरलेला. मिरचीही अमेरिकेची. भुईमूगही अमेरिकेचा. मिरचीने आपल्या स्वयंपाकघरात झपाट्याने मिऱ्याची जागा घेतली. बटाट्याला मात्र वेळ लागला. १८२८ साली महाबळेश्वर हे हवा खाण्याचे ठिकाण म्हणून वसू लागल्यानंतर तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाट्याची आणि भाजीपाल्याची लागवड केली. साहेबाच्या टेबलावर जाणारी ही भाजी पुढे पुणे जिल्ह्यात खेड, मंचर, तळेगावकडे शेतकऱ्यांनी आपलीशी केली, आणि बाजारात स्वस्त झाल्यावर ती आपल्या घरात शिरली. आपल्या आज्या-पणज्यांनी तर तिला उपवासालाही चालवून घेतले. ज्या कंदाचे नाव आपल्या कोणत्याही धर्मग्रंथात असणे शक्य नाही, तो एकादशीच्या ताटात मानाने बसला.

येथे जर्मन भाषा आपल्या मदतीला येते. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात बटाट्याला ‘एर्डआप्फेल’ असे एक नाव आहे. त्याचा अर्थ भुईचे सफरचंद. ऱ्हाइनकाठी सफरचंद आणि बटाटा एकत्र शिजवून केलेल्या एका पदार्थाचे नावच मुळी ‘स्वर्ग आणि पृथ्वी’ असे आहे. झाडावरचे फळ ते स्वर्ग, मातीतले ती पृथ्वी. या हिशेबाने कर्जतच्या स्थानकावर विकला जाणारा बटाटेवडा म्हणजे भुईच्या सफरचंदाचे भजेच की! जर्मन गृहिणी स्वर्गीय फळ तळते आणि आपण पार्थिव तळतो, इतकाच काय तो फरक.

आणखी गंमत अशी की ज्याला आपण जर्मनांचे फळ समजतो ते सफरचंदही मूळचे जर्मनीचे नाही. त्याचे मूळ रान मध्य आशियात, तिएन शान पर्वताच्या उतारावर, आजच्या कझाकस्तानात आहे. व्यापाऱ्यांच्या वाटांनी ते पश्चिमेला गेले आणि कलमे बांधण्याची विद्या जाणणाऱ्या रोमन लोकांनी ते युरोपभर पसरवले. त्यावर भुरभुरावयाची दालचिनी सिंहलद्वीप आणि मलबारच्या बाजूची. साखरेला जर्मन भाषेत ‘त्सुकर’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘शर्करा’चा, इराण-अरबस्तानमार्गे तिकडे गेलेला, वंशज होय. साखर तेथे शतकानुशतके औषधासारखी महाग होती. १७४७ साली बर्लिन येथे मार्कग्राफ या शास्त्रज्ञाने बीटच्या कंदात साखर असते हे दाखवून दिले, आणि त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१-०२ च्या सुमारास बीटपासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारला. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकात साखर हळूहळू सामान्य घरात आली. राजवाड्यातला गोड घाणा शेतकऱ्याच्या चुलीवर चढला तो या कारखान्यांमुळे. पदार्थाची कृती शेकडो वर्षे तीच असते. ती कोणाच्या घरी शिजणार हे जिन्नसाच्या भावावर आणि वाहतुकीवर ठरते.

हाच न्याय आता आपल्या घाटाला लावून पाहू. कर्जत-खालापूरची जमीन भाताची. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल होतात. डोंगर-उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई आणि कारळे म्हणजे खुरासणी. हरभरा हे काळ्या रानाचे, देशावरचे पीक. तेव्हा भज्यांचे डाळीचे पीठ इथल्या मातीतून यावयाचे नाही. ते घाट उतरूनच यावे लागे. पूर्वीच्या काळी बोरघाटातून बैलांचे तांडे खाली धान्य आणीत आणि वर मीठ व नारळ नेत. घाटपायथ्याला खोपोली हे मुक्कामाचे गाव. नाना फडणविसांनी तेथे तलाव आणि शंकराचे देऊळ बांधले ते काही नुसत्या शोभेसाठी नव्हे. घाट चढण्यापूर्वी माणसांना व जनावरांना पाणी आणि विसावा लागतो, हे त्या चतुर कारभाऱ्याला पक्के ठाऊक होते. १८३० साली इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला आणि खोपोलीची वर्दळ वाढली. प्रवासी आपली शिदोरी बरोबर घेई. भाकरी, दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, चटणी. विकतचे शिजलेले अन्न खाण्याची रीत अद्याप पडावयाची होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली हे सर्वांना पाठ आहे. परंतु कर्जत-खालापूरकरांनी पाठ करावी अशी तारीख १२ मे १८५६ ही होय. त्या दिवशी आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली पलीकडे खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच राहिला. पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. घाटातला लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैल लांबी, अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आणि कठीण जागी दर ३७ फुटांमागे १ फूट अशी चढण. योजना आखणारा इंजिनिअर जेम्स बर्कली. काम घेणारा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवून पुरे केले. १८६१ साली या कामावर बेचाळीस हजारांवर मजूर होते. पटकीने आणि तापाने त्यांतील हजारो माणसे याच डोंगरात मेली. बर्कलीचे नाव पुस्तकात आहे, ट्रेडवेलबाईंचे आहे. सुरुंगाची भोके पाडणाऱ्या आणि टोपल्या वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही. आज आपण ज्या वाटेने दोन-तीन तासांत पुण्याला पोहोचतो, ती त्यांच्या हाडांवरून गेली आहे, हे गरम वड्याचा घास घेतानाही विसरू नये.

घाट खुला झाला आणि खोपोली एका फाट्याच्या टोकाला राहिली. महत्त्व आले ते कर्जतला. इतकी उभी चढण एका इंजिनाला पेलत नाही. म्हणून मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात, आणि ती जोडण्याचे ठिकाण कर्जत. १९२९-३० च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिने आली, १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली, तरी मागचा रेटा लागतच राहिला. इंजिन जोडावयाचे म्हणजे गाडी काही मिनिटे उभी राहणार. ती काही मिनिटे हेच कर्जतच्या वड्याचे जन्मनक्षत्र होय. विचार करून पाहा : तीन-चार मिनिटांत विकता येईल, ताटाशिवाय खिडकीतून देता येईल, एका हाताने खाता येईल, लवकर विटणार नाही, पोटाला आधार देईल आणि गरिबाला परवडेल, असा पदार्थ कोणता? आमटी-भात नव्हे, भाकरी-पिठले नव्हे. उकडलेल्या बटाट्याचा गोळा आतून शिजलेलाच असतो. वरचे पीठ तेवढे तळले की काम झाले. देशावरची डाळ आणि देशावरचा बटाटा आगगाडीने खाली येऊ लागला, मुंबईकडचे गिऱ्हाईक आगगाडीने वर येऊ लागले, आणि दोघांची गाठ कर्जतच्या फलाटावर पडली. पुढे तेथील दिवाडकरांच्या वड्याचे नाव मुंबई-पुण्यापर्यंत गाजले. एका कुटुंबाचे कसब त्यात आहे यात शंका नाही. पण त्या कसबाला उभे राहावयास जागा दिली ती दर ३७ फुटांमागच्या त्या एका फुटाने.

आता या कढईच्या इतिहासातील सर्वांत नाजूक भागाकडे वळले पाहिजे. आपल्याकडे अन्न हे नुसते अन्न कधीच नव्हते. कोणाच्या हातचे, कोणाच्या पंक्तीचे, कोणाच्या पाण्याचे, हे प्रश्न त्याला चिकटलेले असत. पाण्यात शिजवलेले आणि तुपातेलात तळलेले यांत आपल्या लोकांनी सोवळ्याच्या दृष्टीने भेद केला होता. तळलेल्या जिन्नसाला विटाळाची भीती कमी. आगगाडीच्या स्थानकांवरही हिंदूंचे पाणी आणि मुसलमानांचे पाणी अशी वेगळी भांडी असत. ज्या जिल्ह्यात कर्जत-खालापूर आहे त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. सार्वजनिक तळ्यातले ओंजळभर पाणी पिण्यासाठी माणसांना चळवळ करावी लागली आणि मार खावा लागला. या पार्श्वभूमीवर फलाटावरच्या कढईकडे पाहावे. एकच झारा, एकच घाणा, आणि खिडकीतून पुढे येणारे हात कोणाचे हे विचारावयास गाडी थांबत नाही. फलाटावरच्या वड्याने जातिभेद मोडला असे म्हणणे म्हणजे महाडच्या सत्याग्रहींचे श्रेय वड्याला देणे होय, आणि तो पोरकटपणा आम्ही करणार नाही. परंतु कायदा आणि चळवळ यांनी जे दार उघडले, त्यातून रोजच्या रोज ये-जा करण्याची सवय माणसांना अशा ठिकाणीच लागली, एवढे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट तेलाची. तळण हे सुबत्तेचे लक्षण आहे. ज्याच्या घरात तेलाचा डबा आहे त्याने आखाड तळावा. कर्जतच्या डोंगरातल्या ठाकर-कातकरी वस्त्यांत याच आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होत असे आणि सावकाराकडून दीडपटीने भात घेण्याची पाळी येई. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल, जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर धारातीर्थी पडले, त्यांनी भूमिगत लढा सुरू करण्यापूर्वी या भागात धान्यकोठ्या काढल्या होत्या, त्या याच पावसाळी उपासमारीवर उपाय म्हणून. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात, फलाटावर कढई उकळत होती आणि चार कोसांवर चूल थंड होती. पदार्थाचा इतिहास सांगताना हा दुसरा अर्धा भाग गाळला तर तो इतिहास राहत नाही, जाहिरात होते.

पुढचा भाग सर्वांच्या पाहण्यातला आहे. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत दादरच्या बाजूस वड्याची पावाशी सोयरीक झाली. पाव हाही शब्द पोर्तुगीजच. गिरणगावच्या कामगाराला ती जोडी मानवली आणि बघता बघता ती महाराष्ट्राची ओळख ठरली. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, आणि घाट चढण्यापूर्वी थांबण्याचे ठिकाण पुन्हा खालापूर-खोपोलीच्या बाजूला आले. तेथे आज मोटारी थांबतात आणि लोक वडेच मागतात. १८६३ साली कर्जतने खोपोलीचा जो मान घेतला, त्यातला अर्धा एकशे एकोणचाळीस वर्षांनी खालापूरने परत मिळवला. वाट बदलली की विसावा बदलतो, आणि विसावा बदलला की कढई उठून त्याच्या मागे जाते.

इतके ऐकल्यावर ती जर्मन भजी आपल्या घरी करता येतील काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. अवश्य करता येतील. एके काळी सफरचंद हे आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास जाताना न्यावयाचे फळ होते. हिमाचलातील कोटगडला १९१६ च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स यांनी अमेरिकन जातीची कलमे लावली, काश्मीर-कुलूच्या बागा वाढल्या, आणि आता कर्जतच्या बाजारातही ते सहज मिळते. त्यातले आंबटसर आणि कडक फळ निवडावे. पिठूळ फळ तेलात विरघळते. सोलून, गाभा कोरून, बोटाच्या निम्म्या जाडीच्या चकत्या कराव्या आणि काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाचा रस चोळावा. वाटीभर मैदा, पाऊण वाटी दूध, दोन अंड्यांचा पिवळा बलक आणि चिमूटभर मीठ एकत्र कालवून पाव तास ठेवावे. पांढरा बलक फेस येईतो घुसळून शेवटी अलगद मिसळावा. अंडे न चालणाऱ्यांनी तीन भाग मैदा, एक भाग तांदळाची पिठी, आंबट ताक आणि चिमूटभर सोडा घ्यावा. चकती फडक्याने टिपून, कोरड्या पिठात घोळवून मग बुडवावी, म्हणजे पीठ सुटून येत नाही. पिठाचा थेंब तेलात टाकताच तो तळाशी जाऊन लगेच वर आला तर तेल तयार आहे असे समजावे.

यातील शास्त्र कर्जतच्या वड्याचेच आहे. पिठातले आणि फळातले पाणी तापून त्याची वाफ जोराने बाहेर येत असते, तोवर तेलाला आत शिरता येत नाही. तेल थंड असले की वाफेचा जोर कमी पडतो आणि भजी तेल पितात. वाफ संपूनही कढईत ठेवली तरी तेच होते. वड्याच्या पिठात आपल्या गृहिणी चमचाभर तांदळाची पिठी आणि कडकडीत तेलाचे मोहन घालतात, ते वरचे कवच खुसखुशीत होण्यासाठी. कर्जतच्या भातसंशोधन केंद्राने तांदळाच्या ‘कर्जत’ नावाच्या जाती देशाला दिल्या आहेत. त्या तांदळाची चमचाभर पिठी जर्मन भज्यांत पडली तर बिघडावयाचे काही नाही, सुधारेलच. आणि सफरचंद नसेल त्या दिवशी लाल भोपळ्याचे घारगे किंवा पिकल्या केळ्याची भजी करावी. फळाचा गोडवा, पिठाचे कवच आणि तेलाची आच, हे तिन्ही तेथे आहेतच.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधून आम्ही हे विवेचन पुरे करतो. आपल्या पदार्थांविषयी अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु हा आमचा आणि तो परका, अशी सीमारेषा कढईत आखता येत नाही. आपल्या वड्यातला बटाटा, मिरची आणि पुष्कळ घरांतले तेल समुद्रापलीकडून आलेल्या पिकांचे आहे. जर्मन भज्यातले फळ, साखरेचे नाव आणि दालचिनी आशियाची आहे. तरीही वडा आपलाच आहे आणि ते भजे त्यांचेच आहे. कारण पदार्थ आपला होतो तो जिन्नसाच्या जन्मगावावरून होत नाही. तो कोणी कोणत्या गरजेपोटी केला, कोणत्या हातांनी वळला, आणि कोणाकोणाला त्यातला घास मिळाला, यावरून होतो. ते हात बहुधा स्त्रियांचे होते आणि त्यांनी आपली कृती कागदावर लिहून ठेवली नाही. ‘सूपशास्त्र’ हे मराठीतील आरंभीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एक. ते १८७५ साली एका पुरुषाने लिहिले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ निघावयास १९१० साल उजाडावे लागले. घाट खोदणाऱ्यांची नावे जशी हरवली, तशीच घाणा काढणाऱ्यांचीही. घाटातल्या मजुरांसाठी आता आपण फारसे काही करू शकत नाही. पण आपल्या घरात जी माणसे आज कढईपाशी उभी आहेत, त्यांच्या शेजारी बसून पिठाचे प्रमाण, तेलाची खूण आणि त्यामागची गोष्ट विचारून घेणे आणि लिहून ठेवणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. कर्जत-खालापूरच्या इतिहासाची ती एक अस्सल बखर ठरेल.